दोनदा गाळलेलं स्पिरिट

मेलानिया साव्हेलिव्नाला पाठीमागे सगळे 'तेजाब' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर मेलानिया साव्हेलिव्ना, बापाच्या नावासकट, पूर्ण. घाईत कुणी नुसतं 'मेलानिया' म्हणालं तर बाई दोन दिवस त्याला द्रावक देत नसे, आणि द्रावक नाही म्हणजे त्या माणसाने हातावर हात ठेवून बसायचं. खार्किवच्या त्या संस्थेतला सगळा उद्योगच द्रावकावर चालायचा. चकाकणारी सेंद्रिय द्रव्यं तयार करायची, ती कशाकशात विरघळवायची, अतिनील दिव्याखाली धरायची आणि कुठला रंग किती बाहेर पडतो त्याचा वर्णपट काढायचा. हेक्झेन असो, टोल्युइन असो नाहीतर स्पिरिट, प्रत्येक थेंब मेलानियाच्या हातून गाळून यायचा.

या कामात एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकलेली बरी. तेच द्रव्य हेक्झेनमध्ये जांभळं दिसतं, स्पिरिटमध्ये निळं, आणि स्पिरिटात पाणी पडलं की हिरव्याकडे सरकतं. द्रव्य तेच असतं, शेजार बदललेला असतो. त्यात कणभर घाण शिरली तर मग विचारूच नका. द्रव्य राहतं बाजूला आणि घाणच उजळायला लागते. म्हणून नवा रंग दिसला की आमच्याकडे कुणी टाळ्या वाजवत नसे. पहिला प्रश्न यायचा, "भांडं कुणी धुतलं?" आणि दुसरा, "द्रावक कुठल्या बाटलीतलं?" या दोन प्रश्नांपायी त्या मजल्यावरच्या कितीतरी जुन्या मैत्र्या मोडल्या.

मेलानियाच्या बाटलीबद्दल मात्र दुसरा प्रश्न कुणी विचारत नसे. तिच्या तिरक्या अक्षरात 'दोनदा गाळलेलं' अशी चिठ्ठी असली की ते दोनदाच गाळलेलं असायचं. बाई आंबट, तुसडी, नाकावर माशी बसू न देणारी, पण तिचं स्पिरिट स्वच्छ. हे तिचे शत्रूही कबूल करत, आणि शत्रूंशिवाय तिला होतं तरी कोण?

तुसडेपणा काही तिने हौसेने पाळलेला नव्हता. तेहतीस सालच्या उपासमारीत पोल्ताव्हाकडच्या एका खेड्यात भरल्या घरातली ती एकटी उरली. त्या सालाबद्दल आमच्याकडे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पुढे लग्न झालं, तर नवरा पार उत्तरेला नोरिल्स्कला कमवायला गेला तो तिकडचाच झाला. मग संस्थेने तिला सामायिक घरात एक खोली दिली, आणि खोलीबरोबर होर्पिना दिली. होर्पिना ट्रामवर कंडक्टर होती, शेजारच्या खोलीत राहायची. स्वयंपाकघर दोघींत एक. शेगडीची दोन तोंडं हिची, दोन तिची, आणि मधल्या बोटभर जागेवरून रोजचं रण. होर्पिनाने एकदा हिच्या बोर्शमध्ये, म्हणजे बीटच्या सारात, कपड्याच्या साबणाचा तुकडा टाकला. हिने पातेल्याच्या झाकणाला कुलूप लावलं. तिने कुलपात मेण भरलं. अशी एकोणीस वर्षं गेली.

आणि आता कुठे सुटायची वेळ आली होती. संस्थेची नवी इमारत शहराच्या टोकाला साल्तिव्कावर उभी राहत होती, आणि तिथल्या एका घरासाठी मेलानियाचा नंबर लागला होता. एक खोली आणि तिला स्वतःचं स्वयंपाकघर. किल्ली ऑक्टोबरात मिळणार होती. रविवारी ती ट्रामने साल्तिव्कावर जायची, चिखलात उभी राहून त्या इमारतीकडे बघायची आणि परत यायची. गवंड्यांनी हाक मारली तर त्यांनाही दोन शिव्या घालून यायची. पण तेवढा रविवार तिचा चांगला जायचा.

त्या वसंतात स्पिरिट गळायला लागलं. म्हणजे बाटली फुटलेली नव्हती. संध्याकाळी खूण केलेल्या पातळीच्या खाली सकाळी स्पिरिट सापडायचं, एवढंच. यात नवल काही नाही. स्पिरिट हेच आमच्याकडचं खरं चलन. नळ दुरुस्त करणारा रुबल दाखवले तर पुढच्या आठवड्यात येतो, स्पिरिट दाखवलं तर पान्याआधी स्वतः हजर. काच फुंकणाऱ्यापासून खिडक्या बसवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते लागायचं, आणि तेवढं ठरल्याप्रमाणे जायचंही. पण हे न सांगता जात होतं.

प्रोकिप डेमिडोविचने तिला बोलावून घेतलं. हा संस्थेचा भांडारप्रमुख आणि वर कामगार समितीचा अध्यक्ष. घरं वाटायची ती याच्याच सहीने. गोल, गुलाबी, सदा हसरा माणूस.

"स्पिरिट उडून जातं हे मला ठाऊक आहे, मेलानिया साव्हेलिव्ना," तो म्हणाला. "पण इतकं? पंख फुटले का त्याला?"

"मी पीत नाही. हवं तर तोंडाचा वास घ्या."

"तुमच्या तोंडाजवळ जायची कुणाची हिंमत आहे?" तो हसला. "पण किल्ली तुमच्याकडे, तेव्हा जबाबदारीही तुमची. समितीपुढे गेलं तर ठपका बसेल. आणि ठपका बसलेल्या माणसाला घर कसं द्यायचं, हे तुम्हीच मला सांगा."

ती दार आपटून बाहेर आली. घाबरली होती, पण त्याहून जास्त संतापली होती. आणि संताप कुणावर काढायचा हे तिने जिना उतरेपर्यंत ठरवूनही टाकलं होतं. ओस्ताप लिझोहुबवर.

ओस्ताप तरुण संशोधक, प्रबंधाच्या मागे लागलेला. मोठ्याने हसणारा, जिने दोन दोन पायऱ्यांनी चढणारा. आल्या दिवशीच तो तिला म्हणाला होता, "मावशी, जरा अर्धा लिटर स्पिरिट द्या ना."

"मी तुझी मावशी नाही," ती म्हणाली होती. "तुझ्या आईला बहीण असती तर तिने तुझे कान पिळून तुला बोलायला शिकवलं असतं."

तेव्हापासून दोघांचं वाकडं. त्याने अर्धा लिटर मागितलं की ती तळाला लागेल एवढं द्यायची.

"एवढ्यात चिमणीसुद्धा बुडणार नाही, मेलानिया साव्हेलिव्ना."

"चिमणी बुडवायची असेल तर लोपान नदीवर जा. इथे काम चालतं."

"कामासाठीच मागतोय."

"मग उद्या ये."

उद्या आला की ती परवा म्हणायची. आणि मार्चनंतर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ओस्ताप मागायला यायचाच बंद झाला होता. काम तर जोरात चाललं होतं. मग स्पिरिट येत होतं कुठून? तिला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. पोरगा माझ्या कपाटातून चोरतो, थोडं कुपीत ओततो आणि उरलेलं घशात. दोन दोन पायऱ्या उगाच नाही चढत.

चोराला रंगेहाथ धरायचं तर त्याच्या तोंडातच सापळा लावायला हवा, असं तिच्या मनाने घेतलं. तिच्या फळीवर क्विनीनची बरणी होती. आमच्या मजल्यावर क्विनीन हिवतापासाठी नसतं. विरल गंधकाम्लात विरघळवलं की ते दिव्याखाली एक ठरलेला निळा रंग देतं, आणि त्या निळ्यावर सगळी यंत्रं जुळवून घेतात. दर सोमवारी ते द्रावण मेलानियाच करायची. आणि क्विनीन किती कडू असतं ते कुणाला सांगायला नको.

तिने बाहेरच्या कपाटातल्या मोठ्या बाटलीत क्विनीन टाकलं. हात सैल सोडूनच टाकलं. विरघळल्यावर बाटली दिव्याखाली धरून बघितली. आम्ल नसलं की नुसत्या स्पिरिटात क्विनीनचा तो निळा उमटत नाही. फिकट जांभळट भास होता, तोही मुद्दाम बघणाऱ्याला दिसेल न दिसेल असा. ठीक आहे, ती म्हणाली. पिणारा दिवा लावून पीत नाही. मग चोराला मोह व्हावा म्हणून तिने बाटलीवर चिठ्ठी डकवली, 'दोनदा गाळलेलं'. खरं स्पिरिट तिजोरीत ठेवून किल्ली गळ्यात घातली. कपाटाच्या कुलपाचं काय, ते केसातल्या आकड्यानेही उघडायचं. खोटी चिठ्ठी तिने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली, आणि लिहिताना तिला काही वाटलं नाही.

मग ती तोंडं बघत बसली. सकाळी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायची. कुणाचं वाकडं झालंय, कोण पुन्हा पुन्हा पाणी पितोय, कोण जीभ चोळतोय. लोकांना वाटलं, तेजाबला आता वेडाचे झटके यायला लागले. बाटली तर उतरत होती, चांगली भराभर उतरत होती, पण कडू तोंड एकाचंही नाही. ओस्ताप शीळ घालत यायचा. या मेल्याची जीभ चामड्याची आहे का, असं ती मनात म्हणायची.

जूनमध्ये ओस्तापने सगळ्यांना बोलावलं. खोलीचे पडदे ओढले. विभागप्रमुख व्हेनियामिन ल्वोविच पुढे खुर्चीवर बसले. चांगला माणूस, विद्वान, फक्त कुणालाही नाही म्हणता येत नसे. मेलानिया धुतलेले चंबू घेऊन दाराशी थांबली होती.

ओस्तापच्या नव्या द्रव्याचं स्पिरिटमधलं द्रावण दिव्याखाली हिरवं दिसत होतं. त्याने त्यात आम्लाचा एक थेंब सोडला, कुपी हलवली, आणि हिरव्यातून स्वच्छ निळा उजेड वर आला. खोलीत कुजबुज झाली. ओस्तापचं म्हणणं असं की आम्लात त्याच्या द्रव्याचं दुसरं रूप तयार होतं, आणि ते रूप निळं उजळतं. एका द्रव्याचे दोन दिवे. किरणं मोजायच्या उपकरणांसाठी असं काही सापडावं म्हणून लोक वर्षानुवर्षं धडपडत होते.

"निळा अगदी क्विनीनसारखा आहे," व्हेनियामिन ल्वोविच वर्णपटावर वाकून म्हणाले. "जागासुद्धा तीच."

"जागा तीच आहे खरी," ओस्ताप हसला. "पण माझ्या कुपीला हिवताप कशाला होईल? नुसतं स्पिरिटही तपासलंय मी, व्हेनियामिन ल्वोविच. निळ्याच्या जागी काही नाही."

सगळे हसले. मेलानिया हसली नाही. तिने चंबू खाली ठेवले, कपाटाशी गेली, त्या बाटलीतलं थोडं स्पिरिट काढलं, आम्लाचा थेंब टाकला आणि कोपऱ्यातल्या छोट्या दिव्याखाली धरलं. तोच निळा. ओस्तापचं द्रव्य त्यात नव्हतं, काहीच नव्हतं, तिचं क्विनीन तेवढं होतं. पोराने स्पिरिट तपासलं होतं ते कोरडं, आम्ल न घालता.

आता खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. एवढा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मध्ये क्षणभर एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली, की म्हणजे हा पोरगा पीत नव्हता, हा काम करत होता. पण ती तिने झटकून टाकली. न विचारता नेलं ना? मग चोरच. हिवाळ्यात प्रबंधाच्या परीक्षेला लेनिनग्राडचा परीक्षक येईल, स्वतःच्या स्वच्छ स्पिरिटात तेच करून बघेल, निळं काही दिसणार नाही, आणि भर सभेत याची पाटलोण उतरेल. तोवर तिला साल्तिव्काची किल्ली मिळालेली असेल. ओस्तापने मोजमापं पुरी होतील एवढं स्पिरिट आधीच नेलेलं होतं; तिने उरलेली बाटली तिजोरीत टाकली, बरणीचं झाकण लावलं आणि तोंड मिटून घेतलं.

तो उन्हाळा तिने मजेत काढला म्हणायला हरकत नाही. ओस्तापचा लेख मॉस्कोच्या नियतकालिकाने घेतला. भिंतीवर त्याचा फोटो लागला. व्हेनियामिन ल्वोविच त्याच्या खांद्यावर हात ठेवून फिरायला लागले. मेलानिया हे सगळं बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, चढ, अजून चढ.

ऑगस्टच्या शेवटी प्रोकिप डेमिडोविचने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी चहा दिला, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

"मेलानिया साव्हेलिव्ना, तुम्ही समजूतदार बाई आहात."

"मी नाही. काय ते बोला."

"साल्तिव्काचं ते घर आहे ना, एका खोलीचं. समितीने ते लिझोहुबला द्यायचं ठरवलंय."

तिला ऐकू आलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. "त्या घराला माझं नाव लागलंय," ती म्हणाली.

"लागलं होतं. पुढच्या इमारतीत पुन्हा लागेल. दोन वर्षं, फार तर तीन. तुम्हाला एकटीला घाई कसली? त्याची बायको पोटुशी आहे, सासूच्या घरात मधल्या खोलीत झोपतात बिचारे, आणि पोराने संस्थेचं नाव काढलंय. वरूनच सुचवलं गेलं. शोध लावणाऱ्याला घर नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?"

"कसला शोध?" मेलानिया म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं. तिचंच क्विनीन तिचं घर त्या पोराला देऊन मोकळं झालं होतं, आणि हे बोलायचं तर बाटलीत क्विनीन कुणी घातलं तेही बोलावं लागलं असतं.

घरी गेली तर होर्पिना मासे तळत होती. तिचा भाचा समितीत शिपाई होता, त्यामुळे बातमी हिच्या आधी पोचलेली.

"काय गं, सामान बांधायला दोरी देऊ का?" होर्पिना म्हणाली. "माझ्याकडे लांब आहे. का आता गळ्याला पुरेल एवढीच देऊ?"

 मेलानिया खोलीत जाऊन पलंगाच्या काठावर बसली. भिंतीपलीकडे होर्पिनाचा झारा खरडल्याचा आवाज येत होता. आणखी तीन वर्षं हा आवाज ऐकायचा, आणि तीन म्हणजे आमच्याकडे पाच. पोरगा तिकडे तिच्या स्वयंपाकघरात उकडलेल्या करंज्यांसारख्या वारेनिकी खाणार, तिच्या खिडकीत बाळाची दुपटी वाळत घालणार. नाही, ती म्हणाली. मला नाही तर तुलाही नाही. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची ही जुनी रीत, आणि त्या संध्याकाळी तिला ती अगदी न्यायाची वाटली.

सप्टेंबरात संस्थेत मोठी बैठक होती. लेनिनग्राडहून आणि मिन्स्कहून पाहुणे आले होते. पहिल्या रांगेत व्हेनियामिन ल्वोविच, शेजारी कामगारांच्या वतीने प्रोकिप डेमिडोविच, नवा टाय लावून. ओस्ताप फळ्यासमोर उभा होता आणि चांगलं बोलला, हे कबूल करायला हवं. बोलणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून मेलानिया उठली. हातात बाटली.

"मला विचारायचंय," ती म्हणाली.

"मेलानिया साव्हेलिव्ना, द्रावकांचं आपण नंतर बघू," व्हेनियामिन ल्वोविच हळूच म्हणाले.

"द्रावकाचंच आहे. आणि आत्ताच बघायचंय."

ती पुढे आली. टेबलावरची एक कोरी कुपी घेतली, बाटलीतलं स्पिरिट त्यात ओतलं, सगळ्यांना दाखवलं. "यात याचं द्रव्य नाही. नुसतं स्पिरिट आहे, त्याने वापरलं तेच." मग आम्लाचा थेंब सोडला. "दिवा लावा."

कुणीतरी दिवा लावला. कुपी निळी उजळली. आधीच्या कुपीपेक्षा जास्तच उजळली, कारण मध्ये आडवं यायला हिरवं काही नव्हतंच.

"क्विनीन आहे," मेलानिया म्हणाली. "मी घातलंय, एप्रिलात. स्पिरिट चोरीला जात होतं म्हणून. पिणाऱ्याला कडू लागावं आणि कळावं कोण ते."

व्हेनियामिन ल्वोविचांचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्यांकडे बघत ते सावरून घ्यायला लागले. "जरा थांबा. आम्लात निळं उजळणारी द्रव्यं पुष्कळ असतात. हे क्विनीनच कशावरून? काहीतरी गैरसमज..."

आणि प्रोकिप डेमिडोविच, ज्याला रसायनातलं ओ का ठो कळत नव्हतं पण पाहुण्यांपुढे संस्थेची लाज राखायची होती, तो मदतीला धावला. "अहो, त्या बाटलीतलं कडूच असतं," तो मोठ्याने म्हणाला. "सगळा वसंतभर कडूच होतं. मला वाटलं, संत्र्याच्या सालींवर मुरवलंय. चांगलं लागतं की. त्यात एवढं..."

इथे तो थांबला. मिन्स्कचा पाहुणा हसायला लागला आणि हसू दाबायला त्याने रुमाल तोंडावर धरला. सगळी खोली प्रोकिप डेमिडोविचकडे बघत होती. मेलानियाही बघत होती. इतके महिने ती वाकडं तोंड शोधत होती, आणि हा रोज गुलाबी हसरं तोंड घेऊन तिच्यासमोरून जात होता, वर तिलाच ठपक्याची भीती घालत होता. ओस्ताप तेवढा कुणाकडेच बघत नव्हता. त्याने टेबलावरची बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि बाटली पुन्हा खाली ठेवली.

पुढचं लवकर उरकलं. ओस्तापने लेख मागे घेतला, प्रबंध दोन वर्षं लांबला, भिंतीवरचा फोटो उतरला. प्रोकिप डेमिडोविचने स्पिरिटचा दर्जा तपासायला चव घेतली होती असं ठरलं, आणि दर्जा तपासणं हे भांडारप्रमुखाचं कामच आहे असंही ठरलं. चोर सुटला आणि संन्याशाला फाशी, फक्त इथे संन्यासीणही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. प्रयोगशाळेच्या द्रावकात जाणूनबुजून भेसळ केल्याचा ठपका मेलानियावर बसला. गाळायचं काम काढून तिला भांडी धुवायला बसवलं. घराच्या रांगेतून तिचं नाव खोडलं ते खोडलंच. साल्तिव्काचं घर हिशेब विभागातल्या कुणाला मिळालं. मेलानियाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा ओस्ताप धुण्याच्या खोलीत आला. त्याला मुलगी झाली होती, झोप नसल्यासारखे डोळे लाल होते. हल्ली तो आपली भांडी कुणाला धुवायला देत नसे. तिच्या शेजारच्या नळावर उभा राहून तो चंबू घासायला लागला. 

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार. द्रावक मागू नकोस, ते आता माझ्याकडे नाही."

"जूनमध्ये, मी दाखवलं त्या दिवशीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"त्याच दिवशी."

"मला वाटलंच." त्याने चंबू उलटा धरून पाणी निथळू दिलं.

"तू मला न विचारता नेत होतास," ती म्हणाली. आवाज चढवायचा होता तेवढा चढला नाही. "आणि आम्ल घालून का तपासलं नाहीस? पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा तपासेल."

"विचारायला आलो की तुम्ही चिमण्या बुडवायला पाठवायचा. म्हणून नेलं. आणि आम्ल घालून तपासलं नाही ते तुमचं अक्षर बघून. तुमच्या बाटलीत भेसळ असेल असं कुणाला वाटेल, मेलानिया साव्हेलिव्ना? मला तुम्ही आवडत नव्हता, पण तुमचं स्पिरिट मी डोळे मिटून घेतलं असतं."

 तिने नळ उगाच जास्त सोडला.

"पण मला विचारायचंय ते वेगळंच," ओस्ताप म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. "जूनमध्ये तुम्ही मला बाजूला घेऊन का नाही सांगितलंत? दोन शब्द. पोरा, यात क्विनीन आहे, म्हणून. मी दुसऱ्या दिवशी सगळं गुंडाळलं असतं. काय म्हणून गुंडाळलं ते मी कुणाला सांगितलं असतं का? नुसत्या द्रावकाची कोरी चाचणी धड घेता आली नाही हे काय मी गावभर मिरवणार होतो? तुमचं नाव कुठे आलंच नसतं. शोध नाही म्हटल्यावर मला घर कुणी दिलं नसतं. किल्ली तुम्हालाच मिळाली असती."

मेलानियाने त्याच्याकडे बघितलं. काहीतरी लागेलसं बोलायला तिने तोंड उघडलं. आयुष्यात कधी तिला शब्द शोधावा लागला नव्हता. तिच्या जिभेवर नेहमी एक तयार असायचा, समोर होर्पिना असो की विभागप्रमुख. आता काही येईना. जून आठवला, तो दाराशी ठेवलेला चंबूंचा ढीग आठवला, आणि ओस्ताप तिथून किती जवळ उभा होता तेही आठवलं.

"मला ते सुचलंच नाही रे," ती म्हणाली.

"तेच तर," ओस्ताप म्हणाला. त्याने हात पुसले, चंबू उचलला आणि तो निघून गेला.